थांबण्याची विद्या



मोटार हाकावयास शिकविणारा गुरू पहिल्या दिवशी आपल्याला काय शिकवितो? गाडी सुरू कशी करावी, क्लच हळूहळू कसा सोडावा, गिअर केव्हा बदलावा. थांबण्याचे शिक्षण मात्र एका वाक्यात उरकते : ‘मधल्या पट्टीवर पाय ठेवा.’ पुढे परवाना हाती येतो, वर्षे जातात, हजारो किलोमीटर रस्ता चाकांखालून निघून जातो आणि आपल्याला ब्रेक लावता येतो अशी आपली खात्री होऊन बसते. माझीही चौदा वर्षे तशीच खात्री होती. ती ज्या रात्री गेली, त्या रात्रीची हकीकत प्रथम सांगतो. कारण आजचे माझे भाषण तेथूनच सुरू होते.

आमचे मूळ गाव बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात. आष्टी म्हणताच इतिहासाची आवड असणाऱ्या श्रोत्यांना १८१८ साली बापू गोखले जेथे पडले ती लढाई आठवेल. ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील, मोहोळजवळची. आमची आष्टी बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अहिल्यानगरहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात अहिल्यानगर ते आष्टी या ६६ किलोमीटरांच्या लोहमार्गावर उतारूंची गाडी धावू लागली. तरी पुण्यामुंबईस स्थायिक झालेली आमच्याकडची मंडळी दिवाळीला येतात ती बहुधा मोटारीनेच. आणि ही मंडळी भाऊबीज आटोपून परतू लागतात, त्याच सुमारास त्याच रस्त्याने दुसरा एक प्रवास चाललेला असतो. बीड जिल्ह्यातील हजारो ऊसतोड कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी बांधून साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, अंथरुणे, एखादी शेळी, आणि त्या सर्वांच्या वर मुले व म्हातारी माणसे.

अशाच एका रात्री आष्टी सोडून मी कड्याच्या दिशेने चाललो होतो. वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास असावा. समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या दिव्यांनी डोळे दिपले, आणि ती बाजूने निघून जाताच माझ्या पुढ्यात काळोखातून एक ट्रॉली उभी राहिली. मागे दिवा नाही, लाल काच नाही. मी ब्रेकवर पाय मारला. त्यासरशी पट्टी पायाखाली थरथरू लागली, खालून खडखड असा आवाज आला; काहीतरी मोडले असे वाटून मी पाय अर्धवट उचलला, आणि पुन्हा दाबला. मोटार थांबली ती ट्रॉलीच्या फळीपासून दोन हातांवर. वर गोधडीत गुंडाळलेले एक मूल जागे होते. ते माझ्या दिव्यांच्या उजेडात माझ्याकडे शांतपणे पाहत होते. पुढे ट्रॅक्टरवर बसलेल्या त्याच्या बापाला मागे काय घडले याची वार्ताही नव्हती. ट्रॉली तशीच संथ गतीने पुढे निघून गेली.

त्या रात्री दोष कोणाचा? ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरे. परंतु मला ज्याची लाज वाटली ती गोष्ट निराळीच होती. माझ्या मोटारीत चाके जखडू न देणारी यंत्रणा होती. पट्टीची ती थरथर म्हणजे यंत्रणा आपले काम चोख करीत असल्याची खूण होती; आणि नेमक्या त्या क्षणी मी तिचे काम बंद पाडले. चौदा वर्षांत मी एकदाही ब्रेक पूर्ण दाबून पाहिलेला नव्हता. म्हणून जे मला वाचवीत होते त्याचीच मला भीती वाटली.

पुढे मी दक्षिणेतील एका शर्यतमार्गावर एक दिवसाच्या शिक्षणासाठी गेलो. शर्यत जिंकण्याची हौस मला नव्हती, आणि वयही नव्हते. तेथे जे शिकलो त्यातला बराच भाग घरगुती मोटार हाकणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम थोडे गणित. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सरासरी एक सेकंद लागतो असे धरू. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच २२ मीटर रस्ता संपला. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर मोटार पुरती थांबावयास आणखी ३६ मीटर लागतात. एकूण ५८ मीटर. आता वेग १०० धरा. पहिल्या सेकंदात २८ मीटर, पुढे ५६ मीटर, एकूण ८४. वेग वाढला एक चतुर्थांशाने, आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वाढले निम्म्याहून अधिक. कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रस्ता ओला झाला की तेच ऐंशीच्या वेगाचे ३६ मीटर ६० च्या वर जातात.

याच गणितातून निघणारी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. दोन सारख्याच मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत. एकीचा वेग ८०, दुसरीचा १००. दोघींच्या चालकांना अडथळा एकाच क्षणी दिसला आणि दोघांनी सारखाच ब्रेक लावला. पहिली मोटार अडथळ्याला नाक टेकवून थांबली. त्या जागी दुसरीचा वेग किती उरला असेल? आपण म्हणाल, वीस. तो असतो ताशी सुमारे ६८ किलोमीटर! ते वरचे वीस किलोमीटर शेवटी असे वसूल होतात.

रात्री मोटारीच्या मंद झोताचा उजेड सामान्यतः चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. आणि ऐंशीच्या वेगाला थांबावयास ५८ मीटर लागतात. म्हणजे त्या रात्री मी मला दिसत होते त्याच्या पलीकडच्या रस्त्यावर भरवसा ठेवून चाललो होतो. साठच्या वेगाला एकूण ३७ मीटर पुरतात. माझी पहिली चूक पायाने केलीच नव्हती; ती त्याच्या कितीतरी आधी झालेली होती.

आता ब्रेक म्हणजे काय ते पाहू. आपण समजतो की ब्रेक मोटार थांबवितो. ब्रेक थांबवितो फक्त चाक. मोटार थांबविते ती टायर आणि रस्ता यांच्यामधील पकड. प्रत्येक टायर रस्त्याला जेथे टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. असे चार तळहात हजार-बाराशे किलोच्या मोटारीला धरून ठेवतात. वेग वाढविणे, थांबणे, वळणे ही तिन्ही कामे त्यांच्याकडूनच होतात. आष्टीसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात घरात एकच घागर पाणी असावे आणि त्यातच पिणे, स्वयंपाक व धुणे भागवावयाचे असावे, तशी ही गोष्ट आहे. सर्व पाणी धुण्याला वापरले तर स्वयंपाकाला उरणार नाही. सर्व पकड थांबण्यात खर्च केली तर वळण्याला काही उरत नाही. आणि पुरती वळण्यात गुंतलेली असता वर ब्रेक दाबला, तर घागर रिकामी होते आणि मोटार घसरते.

शर्यतमार्गावरचे सारे शिक्षण या एका घागरीच्या हिशेबाचे आहे. म्हणून तेथला पहिला नियम असा की, ब्रेक लावावयाचा तो मोटार सरळ धावत असताना. वळण येण्यापूर्वी सरळ रेषेत वेग उतरवावा, आणि जसजसे स्टिअरिंग वळू लागेल तसतसा ब्रेकवरचा दाब कमी करीत जावा. एकीकडून जेवढे घेतले तेवढेच दुसरीकडे द्यावयाचे. कसलेले शर्यतपटू वळणाच्या आत शिरतानाही ब्रेकचा थोडा अंश शिल्लक ठेवतात, आणि पायाच्या अंगठ्याने दोरी ढिली सोडावी तसा तो हळूहळू सोडतात. याला तिकडे ‘ट्रेल ब्रेकिंग’ म्हणतात. घरगुती चालकाने त्याच्या मागे लागू नये. परंतु ब्रेक झटकन न सोडता सावकाश सोडण्याची सवय मात्र अवश्य उचलावी.

हे का, ते बैलगाडी पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलार होते आणि धुरा वर उचलला जातो. पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर भार येतो. ब्रेक लावताच मोटारीचा भार असाच पुढे येतो. पुढची चाके रस्त्यावर दाबली जातात, त्यांची पकड वाढते. मागची हलकी होतात. वळणात असताना घाबरून एकदम ब्रेक दाबला, किंवा वेगाच्या पट्टीवरून पाय झटक्याने काढला, तर हलकी झालेली मागची बाजू बाहेर फेकली जाण्याचा संभव असतो. ‘गाडी आपोआप फिरली’ असे अपघातानंतर आपण ऐकतो. आपोआप काही फिरत नाही. भार इकडून तिकडे धावतो आणि त्याच्यामागे मोटार धावते.

चाक पुरते जखडले की टायर फिरण्याऐवजी घासत जातो. घासणाऱ्या टायरला आडवी पकड राहत नाही. म्हणून पुढची चाके जखडलेली असता स्टिअरिंग कितीही फिरवा, मोटार सरळच जाणार. यावर उपाय म्हणून निघालेली यंत्रणा, जिला सर्वत्र ए. बी. एस. म्हणतात, ती प्रथम विमानांच्या चाकांसाठी वापरात आली. १९७८ साली बॉश कंपनीची विजेवर नियंत्रित होणारी अशी यंत्रणा मर्सिडीज मोटारीत बसू लागली. चाक जखडू लागले की ती त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेक वेळा ढिला करून पुन्हा लावते. पायाला लागणारी थरथर ती हीच. आपल्या देशात एप्रिल २०१८ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या मोटारींना आणि एप्रिल २०१९ पासून सर्वच नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या मोटारीत ती आहे. प्रश्न एवढाच की, तिची आणि आपल्या पायाची ओळख झाली आहे का?

ती बहुतेकांची झालेली नसते, हे मोटारी बनविणाऱ्यांनाही ठाऊक आहे. प्रयोगांत असे दिसून आले की, संकटसमयी माणूस ब्रेकवर पाय झटकन टाकतो, पण पुरेसा दाबत नाही. म्हणून १९९६ साली मर्सिडीज कंपनीने अशी योजना आणली की, पट्टी विशिष्ट झपाट्याने दाबली गेल्यास यंत्राने स्वतःच उरलेला दाब पुरा करावा. यंत्राने माणसाचा भित्रेपणा ओळखला म्हणावयाचे! पण पाय पुरता उचललाच, तर यंत्रही काय करणार?

येथे कोणी विचारील की, या सर्व गोष्टींचा शर्यतीशी काय संबंध? संबंध जुना आणि जवळचा आहे. आज आपल्या मोटारीच्या चाकात जो तबकडीचा ब्रेक असतो, त्याचे नाव जगभर गाजले ते १९५३ साली, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार मोटारींनी तबकडीच्या ब्रेकच्या जोरावर जिंकली तेव्हा. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातील विमानांच्या धावपट्टीवर पुष्कळ वर्षे शर्यती होत असत. १९९० साली इरुंगट्टुकोट्टई येथे, २००३ साली कोइम्बतूरजवळ, आणि २०११ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे शर्यतमार्ग तयार झाले. महाराष्ट्रात कोल्हापूरला लहान कार्टगाड्यांचा मार्ग आहे, आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झालेल्या आहेत. आणि आमच्या आष्टीहून दोन तासांच्या आत पोचता येईल अशा अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथे वाहनांच्या परीक्षेसाठी खास मार्ग बांधलेले आहेत. ते अर्थातच तुम्हाआम्हांसाठी खुले नाहीत. परंतु रणगाड्याला आणि मालमोटारीलाही रस्त्यावर येण्यापूर्वी अशी परीक्षा द्यावी लागते. मग ती हाकणाऱ्या माणसाने मात्र आपली परीक्षा थेट रस्त्यावर, दुसऱ्यांच्या मुलांसमोर का द्यावी?

शर्यतमार्गाच्या कडेला वळणापूर्वी अंतराचे फलक लावलेले असतात. ब्रेक कोठे लावावयाचा ते त्या फलकांवरून ठरते. नवशिक्याने प्रथम फार आधी ब्रेक लावावा, वळण सुखाने घ्यावे, आणि पुढच्या फेरीला ती खूण मोटारीच्या अर्ध्या लांबीइतकीच पुढे सरकवावी असे शिकवितात. एका उडीत मर्यादा गाठावयाची नाही. चालत चालत तिच्यापाशी जावयाचे, आणि तिचा पहिला स्पर्श होताच ओळखावयाचे. मला शिकविणारे गृहस्थ सारखे एकच म्हणत : ‘घाई ब्रेक लावण्याची करा, सोडण्याची करू नका.’ मर्यादा कोठे आहे हे ज्याला ठाऊक असते, तोच तिच्यापासून दूर राहू शकतो.

आता घरगुती अभ्यासाकडे वळू. शर्यतमार्गावर जाण्याची सोय असल्यास उत्तमच. नसल्यास एखादे मोकळे, सपाट, पक्क्या पृष्ठभागाचे खासगी आवार मालकाच्या परवानगीने मिळवावे. सार्वजनिक रस्त्यावर हा अभ्यास कधीही करू नये. बरोबर एक जाणता माणूस बाहेर उभा असावा, मुलेबाळे आणि गुरेढोरे जवळपास नसावीत, आणि मोटारीतील सर्व सुटे सामान काढून ठेवावे. टायरमधील हवा आधी तपासावी.

पहिला धडा बसण्याचा. ब्रेक पुरता दाबला असताही गुडघा थोडा वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्यावे. पाठ आसनाला टेकलेली असावी, आणि मनगट स्टिअरिंगच्या चाकाच्या वरच्या कडेवर सहज पोचावे. पाय ताठ करून बसणाऱ्याला संकटात ब्रेक पुरता दाबता येत नाही, असे पुष्कळदा आढळते.

दुसरा धडा हळुवारपणाचा. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने येऊन, जमिनीवर ठेवलेल्या टोपलीपाशी मोटारीचे नाक नेमके थांबवावे. बसक्या भांड्यात अर्धे पाणी घालून ते मोटारीत खाली ठेवावे, आणि ते न सांडता थांबण्याचा प्रयत्न करावा. पाणी बहुधा अगदी शेवटच्या क्षणी सांडते, कारण थांबता थांबता आपण दाब कमी करावयास विसरतो. हा धडा दहा वेळा केला की पाय आणि डोळा यांची संगत जमते.

तिसरा धडा, ज्यासाठी हा सारा खटाटोप. ताशी चाळीसच्या वेगाने सरळ यावे आणि खुणेच्या जागी ब्रेक अगदी पुरता, एकदम, जोराने दाबावा, आणि मोटार थांबेपर्यंत दाबून धरावा. गिअर हाताने बदलावयाचे असल्यास क्लचही दाबावा. पट्टी थरथरेल, आवाज येईल; येऊ द्यावा. पहिल्या खेपेला बहुतेक सर्वांचा पाय आपोआप ढिला पडतो. पाचव्या खेपेला तो ढिला पडत नाही. एवढ्या पाच खेपांनी माझी चौदा वर्षांची उणीव भरून निघाली.

चौथा धडा बगल देण्याचा. तसाच पुरता ब्रेक दाबलेला असताना टोपलीच्या एका बाजूने मोटार काढावी. येथे यंत्रणेचा खरा उपयोग दिसतो : चाके जखडत नसल्यामुळे मोटार वळते. मात्र नजर टोपलीवर ठेवू नये. आपण जिकडे पाहतो तिकडेच हात वळतात, आणि टोपलीकडे पाहणारा हमखास टोपलीवर जातो. ज्या मोकळ्या जागेतून जावयाचे, तिकडेच पाहावे.

जुन्या मोटारीत ही यंत्रणा नसेल, तर रीत निराळी. तेथे लिंबू पिळावे तसा दाब क्रमाने वाढवीत जावा. टायर किंचित कुरकुरू लागला की आपण मर्यादेपाशी आलो. चाक जखडून घसरू लागले तर दाब थोडा कमी करावा, आणि पुन्हा हळूच वाढवावा. ही कला अवघड आहे आणि तिला नित्य अभ्यास लागतो. आणखी एक सावधगिरी : सुट्या खडीवर किंवा मातीवर यंत्रणा असलेली मोटारही थांबावयास अधिक अंतर घेते. आमच्याकडे डांबरी रस्त्याच्या कडा उखडलेल्या असतात. दोन चाके डांबरावर आणि दोन खडीवर असता जपून राहावे.

शेवटी घाटाविषयी दोन शब्द. बीडकडून येताना सौताड्याचा घाट उतरून जामखेडला यावे लागते, आणि मग आष्टी. ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. बाराशे किलोची मोटार शंभराच्या वेगावरून एकदा थांबविली तर जी उष्णता निघते, तिने सुमारे १.४ लिटर पाणी उकळीला येईल. आणि तीच मोटार शंभर मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरविली, तर याच्या अडीचपट उष्णता चार चाकांच्या तबकड्यांत साठते. शर्यतपटू म्हणून दर काही फेऱ्यांनंतर एक फेरी संथ घेतात, ब्रेक निवू देतात. आपण घाटात काय करतो? एकसारखा पाय ब्रेकवर ठेवतो. मग अस्तर तापून त्याची पकड कमी होते. आणि ब्रेकच्या नळीतील तेल जुने असेल तर त्यात हवेतील ओल शिरलेली असते, ते लवकर उकळते, नळीत वाफ होते आणि पट्टी पायाखाली पोकळ लागते. म्हणून हे तेल साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे. आणि घाट उतरताना मोटार खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाला वेग आवरू द्यावा. ब्रेक मधूनमधून, थोडा वेळ पण नीट दाबून लावावा. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून घाट उतरणे हा तर शुद्ध अविचार आहे.

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. शर्यतमार्गावर चार गोष्टी शिकून आलेल्या माणसाला एक नवा धोका असतो, तो म्हणजे आपल्याला सर्व येते असे वाटण्याचा. शर्यतमार्गावर समोरून कोणी येत नाही, म्हैस आडवी येत नाही, वळणापलीकडे काय आहे ते पाठ झालेले असते. रस्त्यावर यातले काहीच नसते. म्हणून तेथे मिळविलेली विद्या रस्त्यावर खर्च करावयाची नसते. ती गाठीला ठेवावयाची असते. वापरण्याची वेळ आली नाही तर फारच चांगले. पण ती वेळ सूचना देऊन येत नाही, आणि आली की शिकण्यास सवड देत नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेनंतर मी पुन्हा त्याच रस्त्याने परतत होतो. वेग साठच्या आत होता. कड्याच्या अलीकडे दुरूनच एक ट्रॉली दिसली. तिच्या मागच्या फळीवर कोणीतरी लाल चकाकणारी पट्टी चिकटविलेली होती. दोन रुपयांच्या वस्तूने केवढे काम होते! सर्व ट्रॉल्यांना ती असती तर किती बरे, असे मनात आले. पण ती नसेल तेव्हाही आपली मोटार वेळेवर थांबली पाहिजे. मी सावकाश वेग उतरवून मागे राहिलो. वर मुले झोपलेली होती. मोकळा रस्ता मिळेपर्यंत बराच वेळ आम्ही तसेच एकामागून एक चाललो, आणि मला घरी पोचावयास जो थोडा उशीर झाला त्याचे काही वाटले नाही.